डॉलरचं गाव आणि काझीचा वाडा



बरेच दिवस झाले, इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या पुतण्याचे दोन फोन येऊन गेले, "काका, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. जे लिहायचं होतं ते मनात नीट बसत नव्हतं, एवढंच. आजही बसलंय असं नाही. पण किती दिवस थांबणार?

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे जर्मनीला गेलो होतो. ती केम्निट्झला असते. (१९५३ ते १९९० या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. गावाची नावं बदलायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.) उमापूरहून निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं, गुरुजी, आयफेल टॉवर बघून या, स्वित्झर्लंडचा बर्फ बघून या. मी लेकीला म्हणालो, "मला एकच गाव दाखव. योआखिमस्थाल." तिने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, "बाबा, ते आता त्या नावाचं नाहीच. याखिमोव्ह म्हणतात. आणि ते जर्मनीत नाही, चेकमध्ये आहे. पण इथून जवळच आहे."

हे गाव माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. मी इतिहासाचा शिक्षक. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. अशाच एका तासाला मादाम क्यूरींचा धडा होता. १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम शोधलं, त्यासाठी ऑस्ट्रियातून पिचब्लेंड नावाच्या खनिजाचा चोथा मागवला, टनावारी चोथा उकळला तेव्हा कुठे चिमूटभर रेडियम हाती आलं, वगैरे. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "गुरुजी, ऑस्ट्रियातलं कुठलं गाव? अन् ते खणत कोण होतं?" त्याचा बाप विहिरी खोदायचा, म्हणून त्याला हा प्रश्न पडला असणार. मला उत्तर आलं नाही. "बस खाली," म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो!

पुढे गावाचं नाव सापडलं. त्याच गावाने जगाला 'डॉलर' हा शब्द दिला हे कळलं तेव्हा तर मी उडालोच.

तर एका शनिवारी सकाळी लेक, जावईबापू, दहा वर्षांची नात आणि आम्ही दोघं असे गाडीने निघालो. अ‍ॅनाबेर्ग-बुखहोल्झवरून चढण लागते. ओबरवीजेनथाल हे जर्मनीतलं शेवटचं गाव. पुढे हद्द ओलांडली तेव्हा कुणी अडवलं नाही, कागद मागितले नाहीत. पलीकडचं पहिलं गाव बोझी दार, म्हणजे देवाची देणगी. पूर्वीचं जर्मन नाव गोट्टेसगाब, अर्थ तोच. नाव बदललं पण अर्थ ठेवला, हे मला बरं वाटलं. तिथून रस्ता दाट झाडीतून खाली खाली उतरतो आणि एका अरुंद दरीत हे गाव लागतं. दरी इतकी अरुंद की गाव म्हणजे एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांच्या मागे लगेच डोंगर.

गोष्ट सुरू होते १५१६ साली. या दरीत चांदी सापडली आणि श्लिक घराण्यातल्या काउंट श्टेफानने इथे गाव वसवलं. जर्मन मुलखातून, विशेषतः शेजारच्या सॅक्सनीतून, खाणकामगारांचे लोंढे आले. वीस वर्षांच्या आत वस्ती अठरा हजारांच्या घरात गेली. बोहेमियात प्राग सोडलं तर एवढं मोठं गाव दुसरं नव्हतं! चांदी एवढी निघायला लागली की श्लिकांनी इथेच नाणी पाडायला सुरुवात केली, १५२० मध्ये त्याला रीतसर मंजुरी मिळाली. जाडजूड, वजनदार चांदीचं नाणं, एका बाजूला संत योआखिमची मूर्ती, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. गाव योआखिमस्थाल, म्हणजे योआखिमची दरी, म्हणून नाणं 'योआखिमस्थालर'. एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? लोक नुसतं 'थालर' म्हणायला लागले. त्याचं डच भाषेत 'डालर' झालं, इंग्रजीत 'डॉलर', आणि अमेरिकेने १७९२ च्या कायद्याने आपल्या चलनाला तेच नाव कायम केलं. म्हणजे डॉलरचा अर्थ काय, तर 'दरीतला'. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल म्हणता म्हणता नुसतं 'कोल्हापुरी' म्हणतात ना, तसंच.

थालर आपल्यापर्यंतही आला होता बरं का. ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाचा १७८० साल कोरलेला थालर अरबस्तानात आणि आफ्रिकेत इतका चालायचा की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तो चक्क मुंबईच्या टाकसाळीत पाडून घेतला. आमच्या आजीकडे गाठोड्यात चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे हाली रुपये होते. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिला झोपेतही यायचा. नाणं गेलं तरी हिशेब जात नाही.

श्टेफान श्लिक मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना नाहीसा झाला. साल १५२६. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे पानिपतावर बाबर आणि इब्राहिम लोदी! चाळीस वर्षं शिकवून हे दोन सन मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

जुनी टाकसाळ आता संग्रहालय आहे. नाणी, खनिजं, खाणीतली अवजारं. चामड्याचा एक तुकडा मागच्या बाजूला कमरेला बांधायचा आणि त्यावर बसून बोगद्यात घसरत उतरायचं, ही त्या लोकांची रीत. ते पाहून आमची ही म्हणाली, "म्हणजे घसरगुंडीच की!" हो, फक्त खाली अंधार.

मी जास्त वेळ रेंगाळलो तो अ‍ॅग्रिकोलापाशी. हा माणूस १५२७ च्या सुमारास या गावात वैद्य म्हणून आला. आजारी खाणकामगार तपासता तपासता खाणीच अभ्यासायला लागला. त्याचा खाणशास्त्रावरचा मोठा लॅटिन ग्रंथ 'डे रे मेटालिका' १५५६ साली बासेलमध्ये छापला गेला, तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. पुढे तो लेकीच्या केम्निट्झचा महापौर झाला होता आणि तिथेच वारला. त्या ग्रंथाचं १९१२ साली इंग्रजी भाषांतर केलं हर्बर्ट हूवर आणि त्यांच्या पत्नी लू यांनी. होय, तेच हूवर, जे नंतर डॉलरच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले! या ग्रंथात अ‍ॅग्रिकोलाने खाणीतल्या धुळीने फुप्फुसं कशी जातात ते लिहिलंय. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या गावी सात सात नवरे केलेल्या बायका भेटतात, कारण एकामागून एक सगळे या रोगाने गेले, असं तो सांगतो. त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

इथे त्या काळी एक लॅटिन शाळा होती. योहान मथेसियस नावाचा शिक्षक, नंतर तोच गावचा धर्मोपदेशक. खाणकामगारांना खाणीच्याच भाषेत प्रवचनं द्यायचा. त्या शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं गावाने आजवर जपली आहेत. आग लागली, राज्यं बदलली, माणसं बदलली, पुस्तकं राहिली. (आमच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं वाळवीने तीस वर्षांत संपवली. असो.)

चांदी मात्र संपत गेली. वरची संपली, खालची काढणं परवडेना, अमेरिकेतून स्पॅनिश लोकांनी आणलेल्या चांदीने भाव पाडले. १६७१ ला टाकसाळ बंद झाली. उरला एक काळा, जड दगड. चांदीच्या शिरेत तो दिसायला लागला की पुढे चांदी नाही असं खाणकामगार समजायचे. पिचब्लेंड हे नाव त्यांनीच दिलेलं. जर्मनमध्ये 'पेख' म्हणजे डांबर, आणि 'पेख' म्हणजे फुटकं नशीबही. १७८९ मध्ये क्लापरोथ या रसायनशास्त्रज्ञाने पिचब्लेंडमध्ये युरेनियम शोधलं. पुढे इथे युरेनियमचे रंग करण्याचा कारखाना निघाला, काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायला. त्या कारखान्याचा फेकून दिलेला चोथा, तोच क्यूरी नवरा-बायकोने मागवला होता. १९२५ साली मादाम स्वतः इथे येऊन गेल्या.

आता गंमत बघा. खाणीच्या पाण्यात रेडॉन वायू असतो. शेजारच्या श्नीबेर्गच्या खाणकामगारांना होणारा छातीचा रोग म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर आहे, हे १८७९ मध्येच डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. त्याचं कारण हाच रेडॉन, हे नंतर कळलं. आणि १९०६ पासून याच गावात त्याच रेडॉनच्या पाण्याच्या आंघोळी सुरू झाल्या, सांधेदुखीवर उपचार म्हणून! १९१२ मध्ये 'रेडियम पॅलेस' नावाचं भलंमोठं हॉटेल उठलं. ते आजही पांढरंशुभ्र उभं आहे, आणि स्वोर्नोस्त नावाच्या जुन्या खाणीतून उपसलेलं पाणी आजही नळाने तिथे येतं. हिचे गुडघे गेली आठ वर्षं दुखतात. तिने विचारलं, "बसू का मी पण वीस मिनिटं?" मी म्हणालो, "नको." जावईबापू म्हणाले की डॉक्टरांच्या देखरेखीत देतात, मात्रा अगदी थोडी असते. तरी मी नकोच म्हणालो. सात नवऱ्यांच्या बायका डोक्यातून जात नव्हत्या.

खालच्या बाजूला हॉटेलं, फुलांचे ताटवे. वरच्या बाजूला मुख्य रस्त्यावर मात्र घरामागून घर बंद. काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, काहींची छपरं बसलेली. कमानीवर कोरीव काम, आणि आतून झाड उगवलेलं. मला पटकन आमच्या गेवराई तालुक्यातल्या वाड्या-तांडे आठवले. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या गेल्या की अशीच कुलपं दिसतात. पण ती माणसं पट्टा पडला की परत येतात. आज या गावात अडीच हजारांच्या आसपास लोक असतील, कमीच.

कबरस्तानात गेलो. जुन्या दगडांवर सगळी जर्मन नावं, जर्मन अक्षरं. नात जर्मन शाळेत शिकते, ती भराभर वाचत सुटली. कोण खाणमास्तर, कोणाची बायको, कोणी बेकरीवाला. नवीन दगडांवर मात्र चेक नावं. नात थांबली. "आजोबा, हे सगळे कुठे गेले?"

मी तिला सांगितलं, जेवढं दहा वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढं. चारशे वर्षं हे जर्मन लोक इथे राहिले. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया झाला, त्यात हे आले. १९३८ मध्ये हिटलरने म्युनिकच्या कराराने हा पट्टा घेतला, तेव्हा इथल्या बहुतेक जर्मनांनी आनंद केला, आणि चेक लोकांना, ज्यूंना पळावं लागलं. १९४५ मध्ये हिटलर हरला. मग चेक सरकारने देशातल्या सुमारे तीस लाख जर्मनांना बाहेर काढलं. पन्नास-एक किलोचं गाठोडं घ्या आणि निघा. घरं, शेतं, कबरी मागे.

"पण बेकरीवाल्याने काय केलं होतं?" नातीने विचारलं.

मी म्हणालो, "काहींनी केलं होतं."

"सगळ्यांनी?"

मागच्या बाकावरचा पोरगा पुन्हा उभा राहिल्यासारखं वाटलं. या वेळी "बस खाली" म्हणता येईना.

रिकाम्या झालेल्या गावात पुढे काय झालं तेही लिहायला हवं. नोव्हेंबर १९४५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि इथलं युरेनियम तिकडे जाऊ लागलं, अणुबॉम्बसाठी. खणायला माणसं हवीत. आधी जर्मन युद्धकैदी, मग १९४९ पासून खुद्द चेक कैदी. साम्यवादी सरकारला नको असलेले शेतकरी, पाद्री, प्राध्यापक, स्काउटवाले. १९४७ आणि १९४९ मध्ये आइस हॉकीचं जगज्जेतेपद मिळवणारा राष्ट्रीय संघ १९५० मध्ये पकडला गेला. त्यांचा गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तो याच युरेनियमच्या खाणींत होता. सुटला, पण १९६३ मध्ये वारला, शेहेचाळिसाव्या वर्षी. छावण्यांची नावं ऐका, खाणींवरून पडलेली: रोव्नोस्त म्हणजे समता, ब्रात्रस्त्वी म्हणजे बंधुभाव, स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा. तारेच्या कुंपणाला समता! १९६१ पर्यंत हे चाललं. नंतर थोड्याच वर्षांत खाणकामही थांबलं. आता डोंगरात त्या जागांवरून एक पायवाट काढली आहे, फलक लावले आहेत. 'याखिमोव्हचं नरक' असं त्या वाटेचं नाव. २०१९ मध्ये डोंगराच्या दोन्ही बाजूंचा हा सगळा खाणमुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला, जर्मनी आणि चेक दोघांनी मिळून अर्ज केला होता.

कैद्यांचं स्मारक चर्चजवळ आहे. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. निघून गेलेल्या जर्मनांबद्दल काही आहे का म्हणून इकडे तिकडे पाहत होतो, आणि पाहता पाहता माझं मन भलतीकडे गेलं. तेच इतके दिवस लिहवत नव्हतं.

माझ्या आजोळी एक वाडा होता. गावाचं नाव लिहीत नाही, नातेवाईक ओळखतील. त्याला सगळे 'काझीचा वाडा' म्हणायचे. आत राहायचे दुसरेच लोक, आमच्यातलेच. मी सात-आठ वर्षांचा असताना आजीला विचारलं, "आजे, काझी कुठंय?" आजी जात्यावर होती. म्हणाली, "गेले बाबा ते, पोलीस ॲक्शनच्या वक्ताला." "कुठं गेले?" यावर तिने जात्यात मूठभर दाणे जास्त टाकले. त्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही, किंवा ती बोललीच नाही.

मी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामावर किती भाषणं केली असतील? निजाम, कासीम रझवी, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. सगळं खरं. आमच्या घरालाही त्याची झळ लागली होती. रझाकारांच्या भीतीने माझे आजोबा बायकामुलांना घेऊन रात्रीतून हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात शेवगावकडे गेले होते, पाच महिने तिकडे होते. तो किस्सा मी वर्गात रंगवून सांगायचो. परत आल्यानंतरचं मात्र कधी सांगितलं नाही, कारण आजोबांनीही कधी सांगितलं नाही.

परत आल्यानंतरचं पुस्तकात नव्हतं. कारवाईनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर हल्ले झाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिने १९४८ च्या अखेरीस हिंडून अहवाल दिला. मेलेल्यांचा आकडा, अगदी सावधपणे धरला तरी, सत्तावीस ते चाळीस हजार असावा असं त्यात आहे. सगळ्यात जास्त उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा. कमी असलं तरी आपल्या बीडचंही नाव आहे. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. मी तो वाचला निवृत्त झाल्यावर, इंटरनेटवर. वाचला आणि कॉम्प्युटर बंद केला. या ब्लॉगवर तेव्हा मी काय लिहिलं होतं ते शोधून पाहिलं. वांग्याच्या भरतावर लिहिलं होतं.

काझींनी काय केलं होतं? ते रझाकारांत होते का? माहीत नाही. मारले गेले, की हैदराबादला गेले, की शेजारच्या तालुक्यात जाऊन राहिले? कुणाला वाटेल, गुरुजी, कुठलं कुठे जोडताय? तिकडे सरकारने कायदा करून तीस लाख हलवले, इकडे तसं काही नव्हतं. बरोबर आहे, एकसारखं नाहीच. इतिहासाचा शिक्षक आहे, एवढं कळतं. मला फक्त नातीचा "सगळ्यांनी?" हा प्रश्न दोन्हीकडे तोच दिसतो.

संध्याकाळी परतताना बोझी दारला कॉफी घेतली. पैसे चेक क्राउनमध्ये द्यायचे होते, जावईबापूंनी कार्ड पुढे केलं. नात मागच्या सीटवर झोपली.

उमापूरला आल्यावर महिनाभराने मामेभावाला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, "काझीचा वाडा आहे का रे अजून?"

"वाडा कुठला! कधीच पाडला. स्लॅबचं घर झालंय तिथं. पण पत्ता सांगताना म्हणतात तसं, काझीच्या वाड्यापाशी."

"ते लोक कुठं गेले, कुणाला माहीत आहे का?"

फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"मोठी मामी आहे अजून. ब्याण्णव चालू आहे. तिला ठाऊक असंल. पण फोनवर नाही बोलायची ती. तू ये. अन् यायचं तर लवकर ये, गुरुजी."

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने निघतो आहे. ही पण येते म्हणाली, गुडघे दुखत असतानासुद्धा.